शाळेच्या बागेतले कीटक-संशोधन

संशोधन हे मोठ्या माणसांचे काम, आणि तेही विद्यापीठाच्या इमारतीत, महागड्या उपकरणांच्या साहाय्याने करावयाचे, अशी आपली एक समजूत होऊन बसलेली आहे. शाळकरी मुलाने फार तर विज्ञान-प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती मांडावी आणि पाहुण्यांना पाठ केलेली माहिती सांगावी, यापलीकडे त्याच्याकडून आपण काही अपेक्षा करीत नाही. इतर शास्त्रांच्या बाबतीत ही समजूत कितपत खरी आहे हा प्रश्न बाजूला ठेवू. कीटकशास्त्राच्या बाबतीत मात्र ती साफ चुकीची आहे. किडा-मुंगी ही मुलांच्या उंचीवर, मुलांच्याच अंगणात राहणारी सृष्टी. ती पाहण्यास जे लागते ते मुलांपाशी भरपूर असते : तीक्ष्ण नजर, मोकळा वेळ आणि गुडघे मळवून घेण्याची तयारी.

शाळेच्या बागेत मुलांकडून खरे कीटक-संशोधन होऊ शकते काय, ते आजवर कोठे झाले, आणि ते खरे ठरण्यासाठी कोणत्या अटी पाळाव्या लागतात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. उदाहरणासाठी गुजरातेतील पादरा हा तालुका घेतला आहे. तो का घेतला हे ओघात येईलच.

फाब्र गुरुजींचे विद्यार्थी

कीटकांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्यांत ज्याँ आंरी फाब्र (१८२३–१९१५) या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्याच्या कीटकप्रेमाची सुरुवात मात्र एका शाळेच्या सहलीत झाली, आणि ती त्याच्या विद्यार्थ्यांनी करून दिली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. वयाच्या अठरा-एकोणिसाव्या वर्षी फाब्र कार्पांत्रा या गावी प्राथमिक शाळेत शिक्षक म्हणून लागला. भूमितीचा प्रत्यक्ष पाठ म्हणून तो मुलांना उघड्या माळावर जमीन मोजावयास नेई. मुले खांब रोवावयास म्हणून जात आणि वाटेतच थबकत, खाली वाकत, काहीतरी शोधत. फाब्रने चौकशी केली तेव्हा कळले, की माळावरच्या दगडांवर एक मोठी काळी माशी चिखलाची घरे बांधते, त्या घरांत मध असतो, आणि मुले गवताच्या काडीने तो ओढून पितात!

मास्तरांना माशी ठाऊक नव्हती, मुलांना होती. फाब्रने मुलांना रागे भरले नाही. तो स्वतः त्यांच्याबरोबर काडी घेऊन बसला, आणि पुढे त्या माशीची माहिती मिळावी म्हणून आपला जवळजवळ महिन्याचा पगार खर्चून त्याने कीटकांवरचा एक ग्रंथ विकत घेतला. त्याच्या पुढच्या सगळ्या कार्याचे बीज त्या माळावर पडले. उतारवयात सेरिन्याँ या खेड्यात स्वतःच्या जागेत तो प्रयोग करी तेव्हाही त्याची स्वतःची मुले त्याच्या मदतीला असत.

या गोष्टीत लक्षात घेण्याजोगा मुद्दा असा, की मुले मदतनीस म्हणून आली तीच मुळी काही माहिती घेऊन आली. शिक्षकाने ती माहिती ऐकून घेतली, एवढेच.

मुलांनी केलेले संशोधन : चार उदाहरणे

फाब्रचा काळ जुना झाला. गेल्या पन्नास वर्षांत मात्र मुलांचा सहभाग अधिक पद्धतशीर झालेला आढळतो. चार उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण मोनार्क फुलपाखराचे. उत्तर अमेरिकेतील हे नारिंगी-काळे फुलपाखरू हिवाळ्यात कोठे नाहीसे होते, हे कोडे टोरांटो विद्यापीठाचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांच्या पत्नी नोरा यांनी अनेक दशके उराशी बाळगले होते. फुलपाखराच्या पंखावर एक इवलीशी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची, ते सोडून द्यायचे, आणि कोणाला सापडले तर त्याने कळवायचे, अशी त्यांची पद्धत. एका विद्यापीठाच्या माणसांनी असे किती चिकटवणार? म्हणून १९५२ पासून त्यांनी सामान्य नागरिकांना आवाहन केले, आणि त्यात शाळांतील शिक्षक व मुलेही सामील झाली. १९७५ च्या जानेवारीत मेक्सिकोच्या डोंगरांत या फुलपाखरांचे हिवाळी मुक्कामाचे ठिकाण सापडले. पुढच्या वर्षी, १९७६ च्या जानेवारीत, अर्कहार्ट स्वतः तेथे गेले असता झाडाची एक फांदी मोडून पडली, आणि खाली पडलेल्या फुलपाखरांत एकाच्या पंखावर चिठ्ठी दिसली. ती चिठ्ठी अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील एका शिक्षकाने व दोन शाळकरी मुलांनी आदल्या ऑगस्टमध्ये लावलेली होती. अडीच-तीन हजार किलोमीटरच्या प्रवासाचा हा पक्का पुरावा!

दुसरे उदाहरण ढालकिड्याचे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, वाटाण्याच्या अर्ध्याएवढा हा भुंगेरा आपणही लहानपणी बोटावर चालवलेला असतो. याची नऊ ठिपक्यांची एक जात अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याचा अधिकृत कीटक म्हणून मिरवत असे, आणि गंमत अशी, की ती त्या राज्यातून दिसेनाशीच झाली होती. कॉर्नेल विद्यापीठाने २००० साली तिच्या शोधासाठी लोकांची, विशेषतः मुलांची मदत घेण्यास सुरुवात केली. २००६ साली व्हर्जिनिया राज्यात दोन भावंडांना ती सापडली. अमेरिकेच्या पूर्व भागात चौदा वर्षांत प्रथमच झालेली ही नोंद होती. वय वर्षे दहा आणि अकरा, हे त्या संशोधकांचे वय.

तिसरे उदाहरण इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ब्लॅकॉटन या खेड्याचे. तेथील प्राथमिक शाळेच्या आठ ते दहा वर्षांच्या पंचवीस मुलांनी, बो लॉटो या मेंदुशास्त्रज्ञाच्या आणि आपल्या मुख्याध्यापकांच्या साहाय्याने, भुंग्यासारख्या केसाळ मधमाश्यांवर प्रयोग केले. माशी फूल निवडते ती नुसत्या रंगावरून, की रंगांच्या मांडणीवरूनही, हा प्रश्न. एका पेटीत निळी व पिवळी वर्तुळे मांडली. काहींत साखरेचे पाणी ठेवले, काहींत मिठाचे. भोवतालच्या वर्तुळांचा रंग पाहून मधल्या वर्तुळात काय असेल हे माश्या शिकतात काय, ते मुलांनी मोजले. माश्या शिकतात असे दिसले. रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकाने डिसेंबर २०१० मध्ये हा निबंध प्रसिद्ध केला. तो मुलांच्याच भाषेत लिहिलेला होता, आणि आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या होत्या. संदर्भसूची नव्हती आणि संख्याशास्त्रही नव्हते. तरी प्रश्न नवा होता आणि उत्तरही नवे होते, म्हणून तो स्वीकारला गेला.

चौथे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. २०२२ साली तेथील ग्रामीण भागातील सुमारे पन्नास शाळांनी आपापल्या आवारात तंबूच्या आकाराचे जाळ्याचे सापळे उभारले. त्यांत सापडलेले कीटक शास्त्रज्ञांकडे गेले. त्यांत पूर्वी कधीच नोंद न झालेल्या जाती निघाल्या, आणि काही नव्या जातींचे नाव सुचविण्याचा मान त्या त्या शाळेच्या मुलांना मिळाला.

या चारही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. मुलांना दिलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. ना शिक्षकांना, ना शास्त्रज्ञांना. शाळेतील नेहमीचा प्रयोग आणि संशोधन यांत फरक पडतो तो येथेच.

पादराच का?

पादरा हे गाव वडोदरा शहराच्या नैर्ऋत्येस साधारण पंधरा किलोमीटरवर आहे. मही नदीकडे उतरत जाणारा सपाट, सुपीक प्रदेश. वांगी, भेंडी, टोमॅटो, मिरची, गवार, वेलभाज्या यांची येथे मोठी पैदास, आणि शेजारीच वडोदऱ्यासारखे भाजी खाणारे शहर. जोडीला एरंडी, तूर, कपाशी ही गुजरातेची नेहमीची पिके आहेतच.

मराठी वाचकाला हा मुलुख परका नाही. स्वातंत्र्यापूर्वी पादरा तालुका बडोदे संस्थानात होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. गावोगाव शाळा असली पाहिजे, हा विचार त्या मातीत शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेला आहे. मुलांना चार भिंतींबाहेर शिकविण्याची परंपराही गुजरात-महाराष्ट्राने मिळून जोपासली आहे. भावनगरात गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाई मोडक पुढे कोसबाडला आल्या, आणि वारली मुले गुरे राखण्यासाठी जेथे जात तेथेच शिक्षकांना पाठवून त्यांनी ‘कुरणशाळा’ चालविली. शाळा मुलांकडे नेता येते, हा तिचा धडा.

आता शाळांच्या आवारात भाजीची बागही आली आहे. मध्यान्ह भोजनाला ताजी भाजी मिळावी म्हणून शाळांनी परसबाग लावावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०१९ साली काढल्या. म्हणजे शाळा आहे, बाग आहे, मुले आहेत. आणि बाग म्हटली की कीटक न बोलावता येतातच! भाजीच्या पट्ट्यातील शाळेची बाग म्हणजे त्या परिसरातील किडींचा व किडींच्या शत्रूंचा जणू एक नमुनाच.

एका वांग्याच्या झाडावर

अशा बागेत मुलाला काय पाहावयास मिळेल? एक वांग्याचे झाड घेऊ.

सकाळी झाडाजवळ गेले की एखादा कोवळा शेंडा मान टाकून खाली लोंबताना दिसतो. बाकी झाड टवटवीत असते. तो शेंडा चिरला तर आत पांढरट-गुलाबी अळी सापडते. हीच ती शेंडा व फळ पोखरणारी अळी. तिची मादी म्हणजे तपकिरी-गुलाबी ठिपक्यांचा एक छोटा पांढरा पतंग. ती रात्री पानांवर एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते. एकदा आत शिरली की फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचणे अवघड. त्यामुळे शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो, खर्च वाढतो, आणि औषध बहुधा भलत्याच किड्यांना लागते. मान टाकलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करणे हा एक साधा उपाय आहे, आणि तो एखादे चौथीतले मूलही करू शकते.

त्याच झाडावर पानाच्या मागे हिरवट-काळा मावा चिकटलेला असतो. त्याच्या भोवती मुंग्या फिरतात, कारण मावा जो गोड चिकटा टाकतो तो त्यांना हवा असतो. आणि मावा आला की पाठोपाठ ढालकिडा येतो. तो दिवसाकाठी कित्येक डझन मावा खातो. पण ढालकिड्याची पिले आईबापांसारखी मुळीच दिसत नाहीत. ती लांबोडकी, काळसर, काटेरी, एखाद्या छोट्या सुसरीसारखी असतात. ओळखत नसलेला माणूस त्यांनाच कीड समजून चिरडतो. आपल्या शेताच्या रखवालदारालाच मारण्याचा हा प्रकार!

याच्या उलट फसवणूकही तेथेच असते. ढालकिड्याचा एक शाकाहारी भाऊबंद वांग्याच्या पानांवर राहतो. त्याच्या पाठीवर ठिपके पुष्कळ, बहुधा अठ्ठावीस किंवा कमी. पाठ मात्र चकाकत नाही, बारीक लव असल्याने मळकट दिसते. तो पानाचा हिरवा भाग खरवडून खातो, आणि पानाची जाळी होते. चकचकीत पाठीचा तो मित्र, मळकट पाठीचा तो खादाड, एवढे जरी मुलाला कळले तरी घरी जाऊन ते आपल्या आजोबांना चार गोष्टी सांगू शकेल.

बागेच्या कडेला कढीपत्ता किंवा लिंबू असेल, तर त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडते. ती मोठी झाली की हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लाल-नारिंगी शिंगे काढून उग्र वास सोडते. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी. कुंपणाशी रुई असेल तर तिच्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची अळी असते. तिचे फुलपाखरू वर सांगितलेल्या मोनार्कचे जवळचे नातेवाईक. एरंडाच्या पानावर पाठीची कमान करून चालणारी उंटअळी तर पादऱ्यातल्या मुलाला शोधावीही लागणार नाही.

अशी अळी बरणीत ठेवून, तोंडाला मलमलीचे फडके बांधून, रोज ताजे पान घालून वाढवावी. कोषातून फुलपाखरू बाहेर येईल अशी मुले वाट पाहतात. पुष्कळदा मात्र फुलपाखराऐवजी मुंगीएवढ्या गांधीलमाश्यांचा थवाच बाहेर पडतो! त्यांच्या आईने अळीच्या अंगात अंडी घातलेली असतात, आणि पिले अळीला आतून खाऊन मोठी झालेली असतात. मुलांची निराशा होते, पण संशोधनाच्या दृष्टीने ही नोंद मोलाची. दहा अळ्या आणल्या, त्यांपैकी किती फुलपाखरे झाली आणि किती गांधीलमाश्यांनी खाल्ल्या, हे लिहिले की निसर्ग स्वतःहून किडींवर किती ताबा ठेवतो त्याचे माप हाती येते.

मोजणी कशी करावी?

पाहणे आणि मोजणे यांत पुष्कळ अंतर आहे. ते ओलांडण्यासाठी फार खटाटोप लागत नाही.

बागेतल्या वांग्याच्या दहा झाडांना क्रमांकाच्या पाट्या बांधाव्यात. दर शनिवारी सकाळी, ठरलेल्या एकाच वेळी, त्याच दहा झाडांची पाहणी करावी. प्रत्येक झाडावर मान टाकलेले शेंडे किती, ढालकिडे किती, त्यांची पिले किती, एवढ्या तीनच गोष्टी मोजाव्यात. तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि त्या आठवड्यात बागेत काही फवारले काय, हे वहीत लिहावे. उपकरणे म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि जमल्यास एक भिंग. फांदीखाली पांढरे कापड धरून फांदी हलकेच झटकली, तर लपलेले किडेही मोजता येतात.

येथे दोन नियम फार महत्त्वाचे आहेत.

पहिला नियम शून्याचा. एखाद्या शनिवारी एकही ढालकिडा दिसला नाही, तर रकाना रिकामा न ठेवता त्यात शून्य लिहावे. रिकामा रकाना म्हणजे ‘पाहिले नाही’, आणि शून्य म्हणजे ‘पाहिले, पण नव्हते’. सहा महिन्यांनी वही उघडणाऱ्याला हा फरक दुसरे कोणीच सांगू शकत नाही. मुलांना शून्य लिहिणे कमीपणाचे वाटते. आपण काहीच केले नाही असे वाटते. ते तसे नाही, हे शिक्षकाने समजावून सांगितले पाहिजे.

दुसरा नियम जोडीचा. एकच झाड दोन मुलांनी एकमेकांना न विचारता मोजावे आणि आकडे नंतर ताडून पाहावेत. एकाला सात दिसले आणि दुसऱ्याला अकरा, तर भांडण्याचे कारण नाही. हा चारचा फरकच आपल्या मोजणीत किती ढिलाई आहे ते सांगतो. पदवीच्या वर्गात ‘निरीक्षणातील त्रुटी’ या नावाने जे शिकविले जाते, ते पाचवीतल्या मुलाच्या येथे हाती लागते.

नावांचा घोळ

नोंदी जमल्या की नावांचा प्रश्न येतो. आपण ज्याला अळी म्हणतो तिला पादऱ्यातला शेतकरी ‘इयळ’ म्हणतो, आणि आपल्याकडचा कन्नड शेजारी ‘हुळू’ म्हणून मोकळा होतो. हुळू या शब्दात अळीही आली आणि किडाही आला. आपल्या ‘किडा’ या शब्दाचा पसारा तरी काय कमी आहे? पहिल्या पावसानंतर जमिनीवर येणारा तांबडा मखमली मृगाचा किडा आपण सर्वांनी पाहिलेला असतो. त्याचे पाय मोजले तर आठ भरतात. कीटकाला सहाच पाय असतात. म्हणजे मृगाचा किडा कीटक नव्हेच. तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला!

म्हणून गावची नावे वहीत अवश्य लिहावीत, पण शेजारी चित्र काढावे आणि शक्य तेथे लॅटिन नाव मिळवावे. वांग्याच्या त्या अळीला मराठीत, गुजरातीत, कन्नडमध्ये काहीही म्हणा. ‘ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस’ म्हटले की तिन्ही ठिकाणच्या वह्या एकमेकींशी बोलू लागतात. हे नाव शोधून देणे हे महाविद्यालयाचे काम आहे, आणि तेथेच आपला, म्हणजे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा व प्राध्यापकांचा, या कामाशी संबंध येतो.

मृगाच्या किड्याचेच पाहा. आपल्या सीमाभागात पाऊस साधारणपणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येतो, वडोदऱ्याकडे दुसऱ्या पंधरवड्यात. दोन्हीकडच्या एकेका शाळेने तो किडा प्रथम कोणत्या तारखेला दिसला एवढेच दर वर्षी लिहिले, तरी वीस वर्षांनी तो पावसाबरोबर सरकतो की काय, हे सांगता येईल.

यात पणाला काय लागले आहे?

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे.

जर्मनीतील क्रेफेल्ड या गावच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी १९८९ ते २०१६ या काळात त्रेसष्ट संरक्षित ठिकाणी सापळे लावून उडणाऱ्या कीटकांचे वजन नोंदविले. २०१७ साली हे आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा जग हादरले. सत्तावीस वर्षांत ते वजन तीन चतुर्थांशांहून अधिक घटले होते. हा शोध कोण्या नव्या यंत्राने लागला नाही. कोणीतरी सत्तावीस वर्षे तेच काम त्याच रीतीने करीत राहिले, म्हणून तो लागला.

कीटक कमी होणे म्हणजे नुसती फुलपाखरे कमी होणे नव्हे. पादऱ्यातल्या दुधीला, कारल्याला, भोपळ्याला फळ धरते ते परागकण वाहून नेणाऱ्या कीटकांमुळे. मावा आटोक्यात राहतो तो ढालकिड्यामुळे. हे कामगार किती उरले आहेत, हे भाजी पिकविणाऱ्या मुलखाला ठाऊक असावयास नको काय?

आणखी एक गोष्ट. वर सांगितलेल्या वांग्याच्या अळीवरून आपल्या देशात मोठा वाद झाला. तिला प्रतिकार करणारे जनुकबदल केलेले बीटी वांगे बाजारात आणावे की नाही, यावर अहमदाबाद, नागपूर, बंगळूर यांसह सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने त्याला स्थगिती दिली. त्या वादात कोणी कोणतीही बाजू घेवो; एखाद्या तालुक्यात ही अळी कोणत्या महिन्यात किती असते, तिचे शत्रू किती असतात, याची शाळांनी वर्षानुवर्षे ठेवलेली वही दोन्ही बाजूंना उपयोगी पडली असती. विद्यापीठाचा प्रकल्प तीन वर्षांत संपतो, अधिकाऱ्याची बदली होते, पण शाळा त्याच जागी राहते. दर जूनला नवी मुले येतात आणि तीच वही पुढे लिहू शकतात.

काही आक्षेप

मुलांच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवावा, हा पहिला आक्षेप. जोडीचा नियम त्यासाठीच आहे. शिवाय मोजावयाच्या गोष्टी थोड्या आणि ठळक ठेवल्या, तर मुले बहुधा चुकत नाहीत. कंटाळलेला मोठा माणूस अंदाजाने आकडा लिहितो. मुलाला तेवढी युक्ती अजून अवगत झालेली नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शास्त्रज्ञाने मुलांना फुकटचे मजूर म्हणून वापरावे, आणि निबंधावर नाव स्वतःचे घालावे, हे होऊ शकते. म्हणून प्रश्न ठरविताना मुलांना बरोबर घ्यावे, ते कशासाठी मोजत आहेत हे त्यांना सांगावे, आणि निष्कर्ष निघाल्यावर तो शाळेत जाऊन, फळ्यावर आलेख काढून, त्यांना समजावून द्यावा. ब्लॅकॉटनच्या निबंधाचे वैशिष्ट्य हेच, की तो मुलांच्या नावाने प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही असा पाया घातला गेला आहे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील खेड्यांच्या शाळांत १९७२ पासून तीस वर्षे चाललेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात मुले परिसरात हिंडून, स्वतः प्रयोग करून, निष्कर्षही स्वतःच काढीत. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांची मुले आपल्या गावचा एखादा प्रश्न घेऊन त्यावर केलेले काम मांडतात. मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांनी १९८१ साली सुरू केलेल्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही मुलांच्या स्वतःच्या प्रकल्पाला स्थान आहे.

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. नुकत्याच फवारलेल्या शेतात मुलांना मुळीच पाठवू नये. मोजणी शाळेच्याच बागेत करावी, आणि तेथे विषारी औषध वापरू नये. केसाळ सुरवंटाला आणि गांधीलमाशीच्या पोळ्याला हात लावू नये. भेंडीच्या फुलांवर बसणारे काळे-नारिंगी पट्ट्यांचे मोठे भुंगेरे तर दुरूनच पाहावेत. त्यांच्या अंगातील रसाने कातडीवर फोड उठतात. आणि मोजण्यासाठी किडा मारावाच लागतो असे नाही. बरणीत वाढविलेले फुलपाखरू पंख वाळले की सोडून द्यावे.

आपण काय करू शकतो?

ज्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा किंवा वनस्पतिशास्त्राचा विभाग आहे, त्याने आसपासची एकच शाळा निवडावी. पदवीच्या दोन विद्यार्थ्यांनी महिन्यातून एका शनिवारी तेथे जावे, मुलांच्या वह्या पाहाव्यात, न ओळखलेल्या किड्यांची नावे शोधून द्यावीत, आणि वर्षअखेर आकड्यांचा आलेख करून शाळेच्या भिंतीवर लावावा. सुरुवात दहा झाडांनीच करावी. शंभर झाडांचा संकल्प सोडून दिवाळीला बंद पडलेल्या उपक्रमापेक्षा दहा झाडांची दहा वर्षे चाललेली वही कितीतरी श्रेष्ठ.

आणि मुले एखादा प्रश्न विचारतील, ज्याचे उत्तर आपल्याला देता येणार नाही. मुंग्या एकाच झाडावर का आहेत? ढालकिडा पावसात कोठे जातो? अशा वेळी पुस्तकात पाहून सांगतो म्हणून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. तो आवरावा, प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मुलाच्या नावासह लिहावा, आणि पुढच्या शनिवारी ते मोजावयास सुरुवात करावी.